नव्या घरांमधून किती मुलं येतील?

तुमच्या घराजवळ कधी मोठी क्रेन दिसली आहे का? मोकळ्या जागेवर नवी घरं उभी राहतात. माणसं राहायला येतात आणि एक दिवस तुमच्या वर्गात एखादी नवी मुलगी येऊन बसते. पण शाळा काही एका दिवसात बांधून होत नाही! म्हणून घरं बांधायच्या आधीच अंदाज करावा लागतो.

आपण इंग्लंडचं उदाहरण घेऊ. तिथल्या प्राथमिक शाळेत रिसेप्शनपासून इयर सिक्सपर्यंत सात इयत्ता असतात. अगदी लहान मुलांच्या वर्गात एका शिक्षकाकडे साधारणपणे 30 पेक्षा जास्त मुलं ठेवता येत नाहीत. तसा कायदाच आहे. प्रत्येक इयत्तेत 30 मुलांचा एकच वर्ग असेल, तर शाळेत 7 × 30 = 210 मुलं मावतात.

आता समजा, 400 नवी घरं होणार आहेत. "प्रत्येक घरात दोन मुलं, म्हणजे 800!" असं म्हणाल का? थांबा. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मुलं फार कमी असतात. मोठ्या घरांत जास्त असतात. म्हणून काउन्सिलची माणसं आधी बांधलेल्या वस्त्या बघतात आणि मोजतात : 100 घरांमागे किती मुलं शाळेत गेली?

हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. आपण हिशोबापुरते सोपे आकडे धरू. 100 घरांमागे प्राथमिक शाळेतली मुलं अशी :

एक बेडरूम – 0
दोन बेडरूम – 14
तीन बेडरूम – 45

400 घरांपैकी 150 एक बेडरूमची, 150 दोन बेडरूमची आणि 100 तीन बेडरूमची असतील, तर मुलं होतील 0 + 21 + 45 = 66. म्हणजे एका इयत्तेत नऊ-दहा. पण सगळी 400 घरं तीन बेडरूमची असतील, तर 180 मुलं! एका इयत्तेत जवळजवळ 26. म्हणजे एक नवी शाळाच हवी. घरं तेवढीच, पण उत्तर किती वेगळं!

अंदाज चुकला तर? कमी धरला, तर जवळच्या शाळेत जागा उरत नाही. मग भाऊ एका शाळेत आणि बहीण दुसऱ्या शाळेत, असंही होतं. जास्त धरला, तर वर्ग रिकामे राहतात. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेला बहुतेक पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात. त्यामुळे पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, कमी झाला की शाळा चालवणं अवघड होतं. लंडनमध्ये अलीकडे काही शाळा याच कारणाने बंद झाल्या. तिथे मुलंच कमी जन्माला येत आहेत, आणि घरं महाग म्हणून काही कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली.

म्हणून हा अंदाज एकदा करून चालत नाही. दरवर्षी पुन्हा मोजावं लागतं.

आता तुम्ही करा : तुमच्या रस्त्यावरची दहा घरं आठवा. त्यांतली किती मुलं प्राथमिक शाळेत जातात? तुमच्या रस्त्यासारखी 100 घरं बांधली, तर किती मुलं येतील?