रिपोर्ट नॉर्मल, तरी गोळी रोज
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कर्करोगावर 2001 साली इमॅटिनिबची गोळी आली आणि अनेकांसाठी हा आजार वर्षानुवर्षे सांभाळण्याजोगा झाला. आईला ती चालू असेल, तर मुलांनी पपईच्या पानांचा रस शोधत बसण्यापेक्षा गोळ्यांच्या पाकिटाकडे लक्ष द्यावं. खरी अडचण बरं वाटू लागल्यावर सुरू होते. सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) नॉर्मल येतो, डोळ्यांभोवतीची सूज आणि पायांतले पेटके मात्र छळतात. मग एखादी गोळी गुपचूप टळते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात 90 टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत औषधाचा अपेक्षित खोल परिणाम फारच थोड्यांना मिळाला. म्हणजे महिन्याला जेमतेम तीन गोळ्यांचा फरक!

मोठ्या माणसावर अशी पाळत ठेवावी का, असं कुणी म्हणेल. पाळत नकोच. पण ‘गोळी घेतली का?’ऐवजी ‘पाय दुखतात का?’ असं विचारलं, तर खरं उत्तर येण्याची शक्यता जास्त. आणि त्रास कळला तर डॉक्टरांना त्यावर उपाय करता येतो, डोस किंवा औषधही बदलता येतं. गोळी जेवणासोबत, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर द्या. काढे विचारल्याशिवाय नकोत. आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होणारी बीसीआर-एबीएल चाचणी चुकवू नका. नुसत्या सीबीसीवरून आजार किती उरलाय ते कळत नाही, ते या चाचणीतून कळतं.