नोंद, उच्चांक आणि विक्रम : खेळाडूंच्या सांख्यिकीय तक्त्यांचे वाचन

इंग्रजीतील 'रेकॉर्ड' ह्या एका शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. जे घडले ते लिहून ठेवणे हा एक, आणि आजवर घडले त्यांतील सर्वश्रेष्ठ ते ठरविणे हा दुसरा. मराठीने मात्र ह्या कल्पनांना निरनिराळी नावे दिली आहेत. लिहून ठेवणे ती 'नोंद', सर्वांत मोठी संख्या तो 'उच्चांक', आणि त्या संख्येमागील पराक्रम तो 'विक्रम'. वृत्तपत्री लेखनात शेवटचे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु महाविद्यालयीन संघातील अग्रगण्य खेळाडूंचे तक्ते वाचताना किंवा तयार करताना ह्या तीन शब्दांतील भेद ध्यानी ठेवणे आवश्यक ठरते. तक्त्याच्या माथ्यावर दिसतो तो उच्चांक. तो विक्रम होता की नाही, हे समजण्यास आधार असतो तो केवळ नोंदीचा. आणि नोंद अपुरी असेल तर विक्रमही हरवतो.

ह्या विवेचनास जालन्याचे उदाहरण सोयीचे आहे. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर जुना जालना आणि नवीन जालना अशा दोन वस्त्या आहेत. ह्या गावच्या विजय झोल ह्यांनी २०११-१२ च्या हंगामात, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत, महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध खेळताना नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे २०१४ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या युवकांच्या विश्वचषक स्पर्धेत ते भारतीय संघाचे कर्णधार होते. दुसरीकडे, डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनी महाराष्ट्राकडूनच काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. ४५१ ही संख्या ४४३ पेक्षा आठाने मोठी आहे. तथापि प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील भारतीय फलंदाजाचा उच्चांक म्हणून निंबाळकरांच्याच खेळीचे नाव आजही घेतले जाते. ह्यात कोणावर अन्याय नाही. दोन संख्या दोन निराळ्या तक्त्यांतील आहेत, एवढाच ह्याचा अर्थ.

येथे तक्ता वाचण्याचा पहिला नियम हाती येतो. संख्येची तुलना करण्यापूर्वी सामन्याची श्रेणी पाहिली पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे शालेय सामन्यात प्रणव धनावडे ह्या विद्यार्थ्याने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ साली इंग्लंडातील कॉलिन्स ह्या विद्यार्थ्याने केलेला नाबाद ६२८ धावांचा उच्चांक मागे पडला. त्या सामन्यात प्रणवच्या संघाने ३ गडी बाद १४६५ धावा केल्या, तर प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. केवळ '१००९' हा आकडा वाचणाऱ्यास त्या मुलाची चिकाटी दिसत नाही आणि प्रतिपक्षाची दुर्बलताही दिसत नाही. दोन्ही गोष्टी दिसण्यासाठी शेजारी आणखी तीन आकडे लागतात. आंतरमहाविद्यालयीन सामना, आंतरविद्यापीठीय सामना आणि सरावाचा सामना ह्यांतील धावा एकाच रकान्यात मिसळल्या, तर महाविद्यालयाच्या तक्त्यातही हाच घोटाळा लहान प्रमाणावर होतो.

दुसरा नियम चिन्हांविषयीचा आहे. ४४३ ह्या संख्येपुढे छापली जाणारी लहानशी तारका म्हणजे 'नाबाद' ह्या शब्दाचा संक्षेप होय. मराठी हिशेबाच्या भाषेत 'बाद' म्हणजे वजा केलेले, जमेतून वगळलेले. त्याला 'ना' हा फारसी उपसर्ग लागून 'नाबाद' हा शब्द झाला. खेळाच्या मराठी परिभाषेतील दुसरा गट कुस्तीच्या आखाड्यातून आला आहे. पाठीवर पाडलेला मल्ल तो 'चीत'. त्यावरून त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत हे शब्द घडले. म्हणजे फलंदाज कसा गेला हे आखाड्याची भाषा सांगते, आणि गेला की नाही हे हिशेबवहीची भाषा सांगते. ही विभागणी मोठी अर्थपूर्ण आहे, कारण सांख्यिकीस प्रयोजन असते ते दुसऱ्या प्रश्नाचेच.

हे कसे, ते सरासरीच्या गणितात दिसते. 'सरासरी' हा शब्द ज्या फारसी 'सरासर' शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत' असा आहे. खेळाडूच्या सर्व धावा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या पसरल्या असता प्रत्येक वाट्यास किती येतील, हे सरासरी सांगते. परंतु वाटे किती धरावयाचे? फलंदाजीच्या सरासरीत धावांना एकूण डावांनी भागत नाहीत. फलंदाज जितक्या वेळा बाद झाला तितक्या संख्येने भागतात. सर डोनाल्ड ब्रॅडमन ह्यांनी कसोटी सामन्यांतील ८० डावांत ६९९६ धावा केल्या आणि त्यांपैकी १० डावांत ते नाबाद राहिले. म्हणून ६९९६ ला ७० ने भागून ९९.९४ ही सुप्रसिद्ध सरासरी निघते. ८० ने भागले असते तर ती ८७.४५ झाली असती. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हल मैदानावरील अखेरच्या डावात ते शून्यावर त्रिफळाचीत झाले. त्या डावात चार धावा करून ते बाद झाले असते, तरी सरासरी नेमकी १०० भरली असती.

हेच गणित निंबाळकरांच्या बाबतीत पाहण्याजोगे आहे. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत त्यांनी ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा केल्या. ह्यावरून ते १०१ वेळा बाद झाले हे भागाकारानेच कळते. ४४३ धावांचा तो एक डाव वगळला तर ४३९८ धावा उरतात; मात्र तो डाव नाबाद असल्यामुळे भाजक १०१ हाच राहतो आणि सरासरी ४३.५४ होते. म्हणजे एका डावाने संपूर्ण कारकिर्दीच्या सरासरीत ४ हून अधिक धावांची भर घातली. उलट त्या डावात ते ४४३ वरच बाद झाले असते तर भाजक १०२ झाला असता आणि सरासरी ४७.४६ वर आली असती. एवढ्याशा तारकेचे मोल असे मोजता येते. महाविद्यालयीन खेळाडूचे वर्षाकाठी आठ-दहाच डाव होत असल्याने तेथे तर एका नाबाद डावाने सरासरीचे रूपच पालटते. म्हणून डावांची संख्या आणि नाबाद डावांची संख्या दिल्याशिवाय नुसती सरासरी छापणे हे अर्धे वाक्य छापण्यासारखे आहे.

परंतु त्या तारकेचा आणखी एक अर्थ आहे आणि तो कोणत्याही भागाकारात येत नाही. निंबाळकर नाबाद राहिले ते कोणी बाद करू शकले नाही म्हणूनच केवळ नव्हे. सामनाच पुढे झाला नाही. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला होता आणि महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धावा झाल्या होत्या. ब्रॅडमन ह्यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक उच्चांक गाठण्यास निंबाळकरांना ९ धावा हव्या होत्या, ओलांडण्यास १०. अशा वेळी विश्रांतीनंतर मैदानात परत येण्यास काठेवाड संघाने नकार दिला आणि सामना सोडून दिला. तक्त्यात '४४३*' एवढेच राहिले. डाव घोषित झाल्यामुळे नाबाद, लक्ष्य गाठल्यामुळे नाबाद आणि प्रतिपक्ष निघून गेल्यामुळे नाबाद, ह्या तिन्ही अवस्थांस चिन्ह एकच आहे. चिन्ह जे सांगू शकत नाही ते नोंदीच्या शेऱ्याने सांगावयाचे असते.

तिसरा नियम नावांविषयीचा. तक्त्यात नावे स्थिर दिसतात, परंतु त्यांचे अर्थ बदलत असतात. निंबाळकर आणि झोल ह्या दोघांच्याही नावापुढे 'महाराष्ट्र' हाच संघ लिहिला जातो. वास्तविक १९४८ साली महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वात नव्हते. ते १ मे १९६० रोजी स्थापन झाले. त्या काळी जालना हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशात होते, आणि हैदराबादचा संघ रणजी करंडक स्पर्धेत स्वतंत्रपणे खेळत असे. १९३७-३८ साली तो विजेताही ठरला होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. काठेवाड हे नाव तर क्रिकेटच्या तक्त्यांतून नाहीसेच झाले. महाविद्यालयाच्या दृष्टीने ह्याहून जवळचे उदाहरण विद्यापीठाचे आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा झाला. जुन्या वह्यांत एक नाव आणि नव्या वह्यांत दुसरे, ह्यामुळे तक्ता करणाराने एकाच विद्यापीठाचे दोन संघ मानले तर दोष वहीचा नव्हे, वाचनाचा होय. नवीन जालन्याचे नावही जुन्या कागदपत्रांत कादिराबाद असे आढळते. गावांची नावे बदलतात, तशी संघांचीही.

ह्या तीन नियमांनंतर विक्रमाकडे वळता येईल. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजय हजारे ह्यांनी 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. निंबाळकरांच्या ४४३ धावा संघाच्या ८२६ धावांत सुमारे ५४ टक्के भरतात. हजारे ह्यांच्या ३०९ धावा जवळजवळ ८० टक्के. उच्चांकाच्या यादीत ३०९ ही संख्या पुष्कळ खाली येते, परंतु पराभवाच्या छायेतील संघाचा एवढा भार एका फलंदाजाने उचलल्याची उदाहरणे विरळा. तो सामना त्यांचा संघ एक डाव ६१ धावांनी हरला. आणि त्याच डावात त्यांचे बंधू विवेक हजारे ह्यांनी अवघ्या २१ धावा केल्या. तक्त्यात ही संख्या कोणाच्या नजरेतही भरणार नाही. मात्र दोघा भावांची भागीदारी ३०० धावांची होती. दुसरी बाजू टिकून राहिली नसती तर पहिल्या बाजूचे त्रिशतक झाले नसते. वैयक्तिक धावांच्या रकान्याला भागीदारीचा रकाना जोडला की २१ ह्या आकड्याला अकस्मात बोलता येऊ लागते.

फुटबॉलच्या तक्त्यांत ही उणीव अधिक जाणवते. महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या नोंदीत बहुधा गोल करणाऱ्यांचीच नावे असतात. त्यामुळे आघाडीचे खेळाडू तेवढे 'अग्रगण्य' ठरतात. बचावफळीतील खेळाडू आणि गोलरक्षक ह्यांचे कार्य प्रतिपक्षाचे गोल न होण्यात असते, आणि जे घडले नाही त्याला तक्त्यात जागा नसते. गोलसाहाय्य, एकही गोल न स्वीकारलेले सामने आणि खेळलेली मिनिटे हे तीन रकाने वाढविले तरी चित्र बरेच समतोल होते. कबड्डीत चढाईचे आणि पकडीचे गुण वेगळे मोजण्याची पद्धत ह्याच कारणाने न्याय्य ठरते.

नोंद घेणाऱ्याच्या चुकीची किंमत खेळाडूस कशी मोजावी लागते, ह्याचे उदाहरण हनीफ मोहम्मद ह्यांचे आहे. जानेवारी १९५९ मध्ये कराची येथे बहावलपूरविरुद्ध ब्रॅडमन ह्यांचा उच्चांक ओलांडून ते पाचशेच्या उंबरठ्यावर आले. धावफलकावर त्यांच्या नावापुढे ४९६ दिसत होते. दिवसाचे थोडेच चेंडू उरल्यामुळे त्यांनी घाईने दुसरी धाव घेण्याचा प्रयत्न केला आणि ते धावचीत झाले. त्यानंतर फलक दुरुस्त झाला, तेव्हा कळले की त्यांच्या ४९९ धावा झाल्या होत्या.

तात्पर्य, महाविद्यालयाने आपल्या अग्रगण्य खेळाडूंचा तक्ता करावयाचा तर प्रत्येक मोठ्या संख्येबरोबर सामन्याची श्रेणी, तारीख, मैदान, प्रतिपक्षाचे त्या वेळचे नाव, दोन्ही संघांची धावसंख्या, बाद होण्याचा प्रकार आणि नाबाद असल्यास त्याचे कारण, एवढे तपशील अवश्य लिहावेत. ह्यास खर्च लागत नाही; एक बांधीव वही आणि सामन्याच्या दिवशीच लिहिण्याची शिस्त पुरते. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची ओळख त्या एका डावाने करून देण्यात आली. पुण्यातील त्या सामन्याची नोंद नीट झाली होती म्हणूनच ही ओळख शिल्लक राहिली. जिल्ह्याच्या गावी खेळणाऱ्या मुलास निवडसमितीपुढे किंवा वृत्तपत्रांपुढे उभे राहण्याची संधी मिळेलच असे नाही. त्याचा उच्चांक उद्या कोणी तरी मोडील, हेही ठरलेले आहे. त्याच्या विक्रमाचा साक्षीदार म्हणून मागे उरते ती महाविद्यालयाच्या वहीतील नोंद, आणि ती पूर्ण व अचूक असणे हा त्या खेळाडूचा हक्क आहे.