आयकॅनमधील सामान्य वापरकर्त्यांचे प्रतिनिधित्व

डोमेन नावे व आयपी पत्ते यांच्या जागतिक व्यवस्थेचे समन्वयन करणाऱ्या आयकॅन या संस्थेत सामान्य वापरकर्त्यांना दिलेल्या स्थानास 'अ‍ॅट-लार्ज' म्हणतात. हे स्थान निर्णयाधिकाराचे असावे की केवळ सल्ल्याचे, हा वाद १९९८ साली संस्था स्थापन झाल्यापासून चालू आहे.

== पार्श्वभूमी ==
आयकॅन ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था आहे, सरकार नव्हे. तरीही तिचे नियम करारांच्या साखळीतून जगभर पोहोचतात. पुण्यातील एखाद्या ग्रंथविक्रेत्याने .कॉममध्ये नाव नोंदवले, तर नावांच्या तंट्यांविषयीचे आयकॅनचे १९९९ सालचे धोरण त्याच्यावर बंधनकारक होते. ते धोरण ठरवणाऱ्यांना त्याने मत दिलेले नसते. म्हणूनच मूळ रचनेत १९ संचालकांपैकी ९ वापरकर्त्यांच्या वतीने असावेत अशी तरतूद होती. पहिले नऊ संचालक मात्र निवडणुकीविना नेमले गेले.

== २००० ची निवडणूक ==
मार्च २००० मधील कैरोच्या बैठकीनंतर नऊऐवजी पाचच जागा, प्रत्येक भौगोलिक विभागास एक याप्रमाणे, थेट निवडणुकीने भरण्याचे ठरले. सोळा वर्षांवरील कोणाही व्यक्तीस ई-मेल व टपालाचा पत्ता देऊन मतदार होता येत असे. सांकेतिक क्रमांक टपालाने घरी येई. सुमारे १ लाख ५८ हजार जणांनी अर्ज केले. त्यांपैकी सुमारे ७६ हजारांनी नोंदणी पूर्ण केली आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ३४ हजारांनी मतदान केले.

युरोपातून अँडी म्युलर-मागून व उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख हे आयकॅनचे उघड टीकाकार निवडून आले. आफ्रिकेतून घानाचे नी क्वेनॉर, आशिया-प्रशांत विभागातून जपानचे मासानोबू कातो व लॅटिन अमेरिकेतून ब्राझीलचे इव्हान मौरा काम्पोस विजयी झाले. संपूर्ण आफ्रिका विभागात अवघी १३० मते पडली. 'जागतिक मतदारसंघ' हा शब्दप्रयोग तेथे कितपत लागू पडतो, ही विरोधकांची शंका निराधार नव्हती. समर्थकांचे उत्तर असे की, नोंदणीतील दोष दुरुस्त करता येतात. त्यासाठी मताधिकार काढून घेण्याचे कारण नाही.

== निवडणुकीचा शेवट ==
स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या समितीने २००१ मध्ये डोमेन नाव धारण करणाऱ्यांनाच मताधिकार देण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २००२ मध्ये आयकॅनचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी त्याही पुढे जाऊन थेट निवडणुकाच सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच सुमारास एक निराळा प्रसंग घडला. संचालक असूनही ऑअरबाख यांना संस्थेचे दप्तर विनाअट पाहू दिले जात नव्हते. गोपनीयतेच्या अटी अमान्य करून ते मार्च २००२ मध्ये न्यायालयात गेले, आणि जुलैमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निवडून आलेल्या संचालकाला हिशेब पाहण्यासाठी दावा लावावा लागतो, ही गोष्ट वापरकर्त्यांच्या नाराजीचे कारण समजण्यास मतांच्या आकडेवारीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये शांघाय येथे नवी उपविधी संमत होऊन थेट निवडणूक संपुष्टात आली. तिच्या जागी पंधरा सदस्यांची सल्लागार समिती आली. दहा सदस्य प्रादेशिक संघटना निवडतात व पाच नामनिर्देशन समिती नेमते. संचालक मंडळात या समितीचा दुवा बसे, पण त्यास मत नव्हते. मताधिकार असलेली एक जागा २०१० मध्ये मिळाली आणि तिच्यावर फ्रान्सचे सेबास्त्यां बाशोले आले. आज मताधिकारी संचालक सोळा आहेत; त्यांत ही जागा एकच.

== .ऑर्ग किंमतमर्यादा ==
सल्ला मागवणे व मानणे यांतील अंतर २०१९ मध्ये ठळकपणे दिसले. .ऑर्ग नावांच्या शुल्कात वर्षाला कमाल १० टक्के वाढ करता येईल, ही करारातील मर्यादा हटवण्याच्या प्रस्तावावर तीन हजारांहून अधिक प्रतिक्रिया आल्या. त्यांतील बहुसंख्य विरोधी होत्या. ३० जून २०१९ रोजी नवा करार मर्यादेविनाच झाला. पुढे नोव्हेंबरमध्ये .ऑर्ग चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा विरोध पुन्हा उसळला. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादींनी विक्रीस मान्यता देऊ नये असे पत्र पाठवले आणि त्याच महिनाअखेरीस आयकॅनने मान्यता नाकारली. किंमतमर्यादा मात्र त्या नकाराने परत आली नाही.