विंचवाचे बिऱ्हाड आणि पिवळी बस

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. दरवर्षी कोणीतरी तिचा अर्थ विचारतो आणि दरवर्षी मी तो सांगतो. परंतु विंचवाला कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणायचे झाले तर तो ते बिऱ्हाड कोठे ठेवतो, हा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही तो सुचला नव्हता. तो सुचण्यासाठी मला स्वित्झर्लंडच्या एका दरीत जाऊन आठवडाभर चाकांवरच्या घरात राहावे लागले.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. 2025 च्या जूनमध्ये त्याने एक मोटारघर भाड्याने घेतले आणि मी, आमची ही आणि आई असे आम्ही तिघे पुण्याहून त्याच्याकडे गेलो. मोटारघर म्हणजे सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी मोटार. आत चार माणसांची झोपण्याची सोय, दोन शेगड्या, लहानसा शीतकपाट, आणि कपाटाएवढ्या खोलीत न्हाणीघर व संडास. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी जेरीस आलेली. “हॉटेलं नकोत, जिने नकोत. आपलं घर आपल्याबरोबर,” असे धाकट्याने फोनवर सांगितले तेव्हा आम्हांला ती कल्पना मोठी सोन्यासारखी वाटली.

सरहद्दीवर 40 फ्रँक भरून मोटाररस्त्याचा वर्षाचा परवाना घेतला आणि इंटरलाकेनवरून आम्ही लाउटरब्रुन्नेन या गावी आलो. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवर. दोन्ही बाजूंना तासून काढल्यासारखे सरळसोट कडे, आणि त्या कड्यांवरून खाली झेपावणारे धबधबे. त्यांतला श्टाउबबाख गावाच्या डोक्यावरच सुमारे तीनशे मीटर खाली येतो. येता येता त्याचे पाणी वाऱ्यावर तुषारांसारखे उडते. 1779 साली गटे हा जर्मन कवी येथे आला होता व या धबधब्यापाशी त्याला एक कविता सुचली होती. आमचा तळ त्याच धबधब्याच्या पायथ्याशी, हिरवळीवर होता. तेथून गावातले स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर.

आता हे बिऱ्हाड मांडण्याचा सोहळा ऐका. प्रथम पाणसळ लावून जमीन पाहायची. ती नेहमीच तिरकी निघते. मग चाकांखाली पाचरी सारून गाडी समपातळीत आणायची, नाहीतर रात्री सगळे कुटुंब गडगडत एका भिंतीला जाते. मग विजेची तार तळावरच्या खांबाला जोडायची. बाजूची कनात ओढून तिचे पाय रोवायचे. चांगल्या पाण्याची टाकी भरायची, खरकट्या पाण्याची रिकामी करायची. संडासाची पेटी नेऊन ओतण्याचे काम थोरल्या बंधूंकडे, म्हणजे माझ्याकडे आले. त्याविषयी दिवाळी अंकात अधिक न लिहिलेले बरे. हे सारे पुरे व्हायला आम्हांला दीड तास लागला. आणि जे मांडायला दीड तास लागतो ते हलवताना पुन्हा आवरावे लागतेच. काचेचा एक पेला जरी ओट्यावर राहिला तरी पहिल्या वळणावर त्याची आठवण होते.

त्याच संध्याकाळी मी स्टेशनावर जाऊन सहा दिवसांचे तीन प्रवासी पास काढून आणले. या भागातल्या गाड्या, बसगाड्या आणि बहुतेक पाळणे त्यावर चालतात. किंमत रुपयांत सांगितली तर वाचक मला उधळ्या ठरवतील, म्हणून सांगत नाही. धाकटा मात्र भडकला. “दादा, घरची गाडी दारात असताना बसचे पास? एवढं भाडं भरून ही आणली ती शोभेला का?”

त्याचेही चूक म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही सारे बिऱ्हाड उचलले आणि शेजारच्या दरीतल्या एका गावी निघालो. पोहोचलो, पण गाडी उभी करता येईना. बहुमजली वाहनतळाच्या तोंडाशीच उंचीची आडवी दांडी. आमचे छप्पर तिच्याहून बरेच उंच. उघड्या तळावरच्या जागा पाच मीटरच्या, आमची गाडी सात मीटरची. गावातून तीन फेऱ्या झाल्या. मागे मोटारींची रांग लागली. शेवटी गावाबाहेर दोन किलोमीटरवर जागा मिळाली, पण तेथून आईला चालत नेणे शक्य नव्हते. धाकटा आणि ही जाऊन चटकन छायाचित्रे काढून आले. मी आणि आई गाडीतच बसलो. समोर आयगरचा तो जगप्रसिद्ध कडा होता खरा, पण आमच्या खिडकीतून एका गोदामाची भिंत दिसत होती. संध्याकाळी तळावर परत आलो तर पुन्हा पाचरी, तार आणि कनात!

त्या रात्री आम्हां भावांत चार शब्द झाले. दोघेही पन्नाशीकडे झुकलेले, पण आईच्या देखत भांडताना वय कोठे जाते कोण जाणे. आई काही बोलली नाही. फक्त, “मी उद्या इथंच खुर्चीवर बसते. घराला राखण होईल,” एवढेच म्हणाली. ते वाक्य मला लागले. जन्मभर पुण्यात तिने सगळ्यांच्या घरांची राखणच केली होती. तिला आणले होते ते बर्फाचे डोंगर दाखवायला.

तिसऱ्या दिवशी सकाळभर पाऊस होता. दुपारी उघडला तसे आम्ही तिघे भाजी आणि पाव आणायला गावात गेलो. तासाभराने परत येऊन पाहतो तो कनातीखालची खुर्ची रिकामी. फोन आत, चार्जिंगला लावलेला. न्हाणीघरे पाहिली, भांडी घासण्याची जागा पाहिली, धबधब्याकडची पायवाट पाहिली. तळाजवळून नदी वाहते. हिमनद्यांचे पाणी ते. दुधट, बर्फगार आणि पाय घातला तर ओढून नेणारे. त्या पाण्याकडे पाहून माझ्या पोटात काय झाले ते येथे लिहिता येणार नाही. धाकटा सायकल घेऊन नदीकाठाने निघाला. ही कचेरीत गेली. मी रस्त्यावर येऊन उगाच इकडून तिकडे चालत राहिलो.

सुमारे पाऊण तासाने दरीच्या वरच्या अंगाने पिवळी बस आली. थांब्यावर थांबली, दार उघडले, आणि प्रथम आईची काठी उतरली, मग आई. चालकाने उठून तिला हात दिला होता.

“अगं, होतीस कुठे?” मी ओरडलोच.

“बसमध्ये,” ती म्हणाली. “पैसे भरलेत ना सहा दिवसांचे? दोन दिवस फुकट गेले. किती घालवायचे?”

मग सगळी हकीकत कळली. तिने चालकाला पास दाखवला, त्याने मान डोलावली, ती त्याच्या मागच्या आसनावर बसली. पाव तासाने श्टेखेलबर्ग हे शेवटचे गाव आले, सगळे उतरले. तो तिला काहीतरी म्हणाला. तिने मराठीत सांगितले, “मला कुठं जायचं नाहीये बाबा, मी बसते.” तो हसला, त्याने डब्यातला पाव खाल्ला, आणि थोड्या वेळाने बस माघारी निघाली. “जिथून निघते तिथंच परत येते ना ती? मग हरवायचं काय त्यात?” पुण्याच्या बसगाड्यांतून चाळीस वर्षे मंडईला गेलेल्या बाईचे हे तर्कशास्त्र होते. “या दरीत बहात्तर धबधबे आहेत म्हणे, तुझा भाऊच सांगत होता. मी अकरा मोजले. बाकीचे उद्या.”

घामाने निथळत धाकटा परत आला, आईला पाहिले, आणि सायकल गवतावर टाकून तिच्या पायांशी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्याने मला विचारले, “दादा, पहिली बस किती वाजता?”

त्यानंतरचे तीन दिवस आमचे घर पाचरींवर स्वस्थ उभे राहिले आणि आम्ही हिंडलो. खरे म्हणजे या दरीत सगळीकडे मोटार घेऊन जाण्याची सोयच नाही. डाव्या कड्यावरचे वेंगेन आणि उजव्या कड्यावरचे म्युरेन या दोन्ही गावांना मोटारीचा रस्ता जात नाही. म्युरेनला पाळण्याने आणि मग छोट्या गाडीने जायचे, वेंगेनला दातेरी रुळांच्या गाडीने. ही वेंगेनची गाडी 1893 पासून चालू आहे. गावात सामान वाहायला विजेवरच्या बुटक्या गाड्या, आणि बाकी सगळे पायी. वेंगेनच्या स्टेशनावर उतरताच आई म्हणाली, “हे तर माथेरान!” लग्नानंतर वडिलांबरोबर ती नेरळहून त्या 1907 सालच्या चिमुकल्या आगगाडीने माथेरानला गेली होती. तेथेही मोटारी दस्तुरी नाक्यावर सोडाव्या लागतात. फरक पुढच्या वाटेत आहे. आमच्या माथेरानात तेथून पुढे वर्षानुवर्षे घोडा, नाहीतर माणसाने ओढायची रिक्षा असे. आम्ही परतल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले.

पण आईला सर्वांत आवडले ते स्टेशनावरचे घड्याळ. हान्स हिलफिकर नावाच्या अभियंत्याने 1944 साली काढलेल्या आकृतीचे हे घड्याळ. त्याचा तांबडा सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बारावर येऊन क्षणभर थांबतो. मुख्य घड्याळाचा इशारा आला की मिनिटकाटा टपकन पुढे सरकतो आणि तांबडा काटा पुन्हा निघतो. “बघ, दम खातंय ते,” आई म्हणाली. “मलाही तेवढाच वेळ लागतो पायरी चढायला.”

तो दम तिला सगळीकडे मिळत गेला, हे मी पाहत होतो. 1982 साली या देशाने साऱ्या आगगाड्यांचे वेळापत्रक ठरावीक अंतराचे केले. गाडी एकदा दहा वाजून सात मिनिटांनी असली की अकरा, बारा, एक वाजूनही सातच मिनिटांनी. 1987 मध्ये लोकांनी मतदान करून याच वळणावर पुढची मोठी योजनाही मंजूर केली. परिणाम असा की गाडीतून उतरावे तो बाहेर पिवळी बस उभी, बसमधून उतरावे तो पाळणा उभा. मधले अंतर काठी टेकत जाणाऱ्या माणसालाही पुरेल इतके. दऱ्याखोऱ्यांतले वळण आले की ही बस जो तीन सुरांचा भोंगा वाजवते, तो रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेतला आहे. आपल्याकडे घाटात ‘हॉर्न द्या’ अशी पाटी असते. सूर ज्याचा त्याने लावायचा.

ट्र्युमेलबाखला डोंगराच्या पोटातले दहा धबधबे आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी तेथून उतरते, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत बोगद्यातून लिफ्ट जाते. पुढच्या ओल्या पायऱ्यांवर आईने पाऊल टाकले नाही; आवाज ऐकला आणि “पुरे” म्हणाली. युंगफ्राऊयोख 3454 मीटरवर आहे. तेथवरच्या शेवटच्या टप्प्याला पासाखेरीज पैसे पडतात आणि हवाही विरळ. म्हणून आम्ही 2061 मीटरवरच्या क्लायने शायडेकपर्यंतच गेलो. तेथे आई बाकावर बसली आणि पुढे पसरलेल्या बर्फाच्या रांगेकडे पाहत राहिली. दीड तासात ती एक अक्षर बोलली नाही. धाकटाही नाही. आईच्या बाबतीत ही असामान्य घटना होय.

आपल्या सरकारनेही 2021 साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. कोणा वाचकाचा तसा बेत असेल तर माझे सांगणे एवढेच की, गाडीतले पलंग पाहण्याआधी तळ पाहावा. थांबा किती पावलांवर, शेवटची बस किती वाजता आणि तळाच्या करात काही प्रवाससवलत आहे काय, हे कचेरीत शिरल्याबरोबर विचारावे. जर्मनीच्या श्वार्त्सवाल्ड भागात तळावर उतरणाऱ्यांनाही पाहुणकार्ड मिळते आणि त्यावर तिथल्या बस व गाड्या फुकट असतात. दोन सायकली मागे बांधून न्याव्यात, पण त्या तरुणांसाठी. म्हाताऱ्यांना बसच लागते. आणि आपल्याकडे एखाद्या माळावर असे घर उभे केले तर तेथून तालुक्याला येष्टी किती वाजता, हे विचारायला कोणाकडे जायचे, हेही ठरवून ठेवावे.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही तार काढली, कनात गुंडाळली, पाचरी उचलल्या. पेले कपाटात बांधले. धाकट्याने गाडी सुरू केली. मागच्या आसनावरून आईने विचारले, “पास आज रात्रीपर्यंत आहे ना?”

“हो. पण आता दहाला जागा सोडायचीय आई.”

“जागा सोड की. पण तो पास…”

धाकट्याने आरशातून तिच्याकडे पाहिले. मग त्याने गाडी तळाच्या फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली, किल्ली काढली, आणि कचेरीतल्या बाईंची तासाभराची परवानगी घेऊन आला. थांब्यावर आम्ही चौघे रांगेत उभे राहिलो. बस आली. चालक तोच होता. त्याने आईला पाहून दोन बोटे टोपीला लावली. आम्ही तिघांनी पास दाखवले, आणि धाकट्याने खिसा चाचपून स्वतःपुरते श्टेखेलबर्गचे जाऊन-येऊन तिकीट काढले.