घसरायचं, पण आपल्या मर्जीनं



पहिला पाऊस पडून गेला, की आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो. मागचं चाक अचानक एका बाजूला सरकतं. नवशिका घाबरून ब्रेक दाबतो आणि पडतो. सवयीचा माणूस ब्रेक दाबत नाही. मागचं चाक ज्या बाजूला चाललंय, त्याच बाजूला हँडल हलकंसं वळवतो, ॲक्सिलरेटर बेताचा ठेवतो आणि गाडी सावरतो. हे सावरणं क्षणभराचं न ठेवता सबंध वळणभर चालू ठेवायचं, याला मोटारींच्या जगात 'ड्रिफ्टिंग' म्हणतात. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीनं हेच कसं करायचं, ती गाडी कशी जुळवायची आणि कशी लावून घ्यायची, याबद्दल आज बोलणार आहे.

ड्रिफ्टिंग वाढलं जपानमध्ये. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणावर गाडी मुद्दाम घसरवत नेत असे. त्याला पाहून केइची त्सुचिया यानं घाटातल्या रस्त्यांवर हे तंत्र घोटवलं आणि पुढं ते लोकप्रिय केलं. २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' या चित्रपटानंतर आपल्याकडच्या पोरांनाही हा शब्द माहीत झाला. रिमोटच्या गाड्यांचा इतिहासही जपानशी जोडलेला आहे. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ मध्ये आपली पहिली रिमोटवर चालणारी मोटार बाजारात आणली. पुढं तिथल्याच हौशी मंडळींनी या छोट्या गाड्यांना गुळगुळीत प्लास्टिकची चाकं लावून त्या घसरवायला सुरुवात केली.

बिनतारी लहरीनं दुरून वस्तू हलवणं मात्र याहून बरंच जुनं. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अशा लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी होडी चालवून दाखवली. तुमच्या घरात माझा आवाज पोचवणारी आणि गाडीचं चाक वळवणारी लहर एकाच कुळातली. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त आहे. पूर्वी दोन गाड्यांची लहर एकच निघाली, तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची. आता तो घोळ राहिलेला नाही.

आता गाडीकडे येऊ. हौशी लोकांची नेहमीची ड्रिफ्ट गाडी खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराची असते. लांबी चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आसपास. तिला रबरी टायर का चालत नाहीत, हे समजलं की या छंदातलं अर्धं शास्त्र समजलं. मोटार वळणावर किती वेगानं टिकते, ते जमिनीच्या पकडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतं. त्रिज्या दहापट कमी केली, तर वेग दहापट कमी होत नाही. तो दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण तिपटीनंच कमी होतो. खरी मोटार ताशी ६० किलोमीटरनं ज्या वळणावर घसरेल, तेच वळण दहापट लहान केलं आणि पकड तेवढीच ठेवली, तर छोटी गाडी ताशी १९ च्या पुढं घसरेल. पण गाडी दहापट लहान, म्हणून बघणाऱ्याला तो वेग १९० सारखा वाटतो. गाडी पिसाळल्यासारखी दिसते. पकड चौथ्या हिश्शावर आणली, तर हा वेग निम्मा होतो आणि गाडी खऱ्यासारखी, डौलात सरकते. म्हणून टणक प्लास्टिकची चाकं.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की छोट्या गाडीत सगळं तिपटीनं झटपट घडतं. शिवाय चालवणारा गाडीत बसलेला नसतो. शेपूट सुटतंय हे खऱ्या चालकाला बसल्या जागी अंगाला कळतं. आपल्याला ते डोळ्यांनी पाहून कळतं, आणि तोवर गाडी गिरकी घेऊन उलटी उभी असते. त्यासाठी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत 'जायरो' नावाची काडेपेटीपेक्षाही लहान डबी बसवतात. गाडी किती जोरात फिरतेय हे ती मोजते आणि पुढची चाकं आपोआप उलट वळवते.

बाकीचे भाग मोजकेच आहेत. सांगाडा, म्हणजे चॅसिस. मोटर. मोटरला बेतानं वीज देणारा स्पीड कंट्रोलर. चाकं वळवणारी सर्व्हो. रिमोटची लहर पकडणारा रिसीव्हर, बॅटरी, चार्जर आणि वरची रंगवलेली बॉडी. मोटरवर १०.५ किंवा १३.५ असा आकडा असतो. विहिरीवरच्या पंपाची मोटर रिवाइंड करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही, कारण ते तारेचे वेढे आहेत. वेढे कमी, तर वेग जास्त आणि वीजही जास्त. ड्रिफ्टला धावण्याचा वेग फारसा लागत नाही. सुरुवातीला १३.५ पुष्कळ झाली.

दोन्ही मागची चाकं एकाच गतीनं फिरावीत म्हणून इथला डिफरन्शियल बंद करून टाकलेला असतो. चिखलात ट्रॅक्टरचं एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं, की आपण डिफरन्शियल लॉकवर पाय देतो. तेच इथं कायमचं केलेलं असतं. आमच्या उंद्रीतल्या पोरांना हा मुद्दा एका वाक्यात कळला.

आणि आता पैसा. हे आधी बोललेलं बरं. चांगल्या कंपनीचा सुटा संच, त्यावर विजेचे भाग, रिमोट, बॅटरी आणि चार्जर धरले, तर पंचवीस-तीस हजारांच्या घरात खर्च सहज जातो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हा खर्च साडेपाच क्विंटल सोयाबीनचा, तोही हमीभाव हातात पडला तर. आपल्या चिखली-खामगाव भागातल्या घरानं एवढा पैसा खेळण्यात घालावा, असं मी म्हणणार नाही. माझा सल्ला उलट आहे. चार-पाच जणांनी मिळून एकच गाडी घ्या आणि जुनी मिळाली तर जुनीच घ्या. चारही चाकांवर चालणारी घ्या. ती सावरायला सोपी असते आणि जायरोवाचून चालते. मागच्या चाकांची गाडी, जायरो, अधिक वळणारी पुढची चाकं हे सगळं दुसऱ्या वर्षी पाहू.

हजार-दोन हजारांत मिळणारी छोटी ड्रिफ्ट खेळणीही वाईट नसतात, पण घेताना एक गोष्ट तपासा. रिमोटचं चाक थोडं फिरवलं तर गाडीची चाकं थोडीच वळतात का? एकदम पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, एवढंच येत असेल, तर त्यावर ड्रिफ्ट शिकता येणार नाही.

टायरसाठी मात्र शहरात जायची गरज नाही. सुरुवातीच्या काळात परदेशातल्या हौशी लोकांनीही प्लास्टिकच्या नळाची कडी कापून चाकांवर चढवल्या होत्या. आपल्या शेतात पाण्यासाठी ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सर्रास असतो. एक-दशांश गाडीच्या टायरचा बाहेरचा व्यासही जवळपास तेवढाच. पाइपचा उरलेला तुकडा घ्या, एक्सा ब्लेडनं पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या चार कडी कापा. रिमवर चिकटपट्टीचे सारखे वेढे देऊन जाडी जुळवा आणि कडं घट्ट बसवा. कडेची धार पाणी लावून पॉलिश पेपरनं गोल करा. कोरडं घासलं तर भुसा नाकात जातो. चारही कडी एकाच पाइपची हवीत. कडं मध्यावर बसलं नाही, तर गाडी बंडीच्या वाकड्या चाकासारखी हेलकावे खाते.

जागा गुळगुळीत हवी. शाळेच्या व्हरांड्याची फरशी, सभागृहाच्या टाइल्स, सिमेंटचं खळं, यांतलं काहीही चालेल. पण आधी झाडून घ्या. सोयाबीन काढल्यानंतर खळ्यावर जी बारीक धूळ राहते, तिनं पकड दर फेरीला बदलते आणि ती गिअरमध्येही शिरते. रस्त्यावर मात्र ही गाडी कधीच चालवू नये. गाडीमागं धावणाऱ्या पोराचं लक्ष एसटीकडे नसतं.

आता गाडी लावून घेण्याचा क्रम. सगळ्यात आधी बॅटरी न जोडता प्रत्येक चाक आणि प्रत्येक सांधा हातानं हलवून बघा. काही अडकतंय का? मग पुढची चाकं सरळ करा आणि ती डावीकडे-उजवीकडे सारखीच वळतात का ते पाहा. घरातले दोन स्वयंपाकाचे काटे घेऊन डाव्या आणि उजव्या चाकांखाली ठेवा. वजन दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. गाडी एका बाजूला छान घसरते आणि दुसऱ्या बाजूला गिरकी घेते, अशी तक्रार असेल, तर कारण बहुधा इथंच सापडतं.

जायरो असेल तर त्याची दिशा तपासा. गाडी हातात धरून शेपूट उजवीकडे झटका. पुढची चाकंही उजवीकडे वळली पाहिजेत. डावीकडे वळली, तर जायरोची दिशा बदला, नाहीतर तो गाडी सावरण्याऐवजी पाडेल. जायरोचा जोर कमी असेल, तर गाडी गिरकी घेते. जास्त असेल, तर पुढची चाकं थरथरत राहतात. थरथर सुरू होईपर्यंत जोर वाढवायचा, मग थोडा मागं घ्यायचा.

यानंतर पकड. मागची पकड कमी पडून गाडी सारखी फिरत असेल, तर बॅटरी थोडी मागं सरकवा किंवा मागच्या स्प्रिंगा मऊ लावा. वळायचं सोडून गाडी सरळच चालली असेल, तर पुढं पकड हवी. मग वजन पुढं आणा किंवा पुढच्या स्प्रिंगा मऊ करा. पुढच्या चाकांचा वरचा भाग पाच-सात अंश आत झुकलेला ठेवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. पुढची चाकं फार वळलेली असताना त्यांचा जास्तीत जास्त भाग जमिनीला टेकावा, हा त्यामागचा हेतू.

या सगळ्यात एकच नियम मोडायचा नाही. एका वेळी एकच बदल. बदल केला, की त्याच फरशीवर, त्याच वर्तुळात पाच मिनिटं गाडी चालवायची आणि वहीत लिहायचं, काय बदललं आणि काय झालं. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर कशामुळं सुधारली हे कळत नाही. बिघडली तरी कळत नाही. उंद्रीत आम्ही वहीशिवाय गाडीला स्क्रू ड्रायव्हर लावू देत नाही. आधी लिहायचा कंटाळा करणारी पोरं आता जुनी पानं उलटून आपसात वाद घालतात.

चालवायचा सराव साधा आहे. मध्ये एक प्लास्टिकचा पेला ठेवा आणि त्याभोवती एकाच बाजूनं वर्तुळ घाला. ते जमलं, की उलट्या बाजूनं. मग दोन पेले ठेवून इंग्रजी आठचा आकडा. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी वळवतं ते बोट ॲक्सिलरेटरवरचं. स्टिअरिंगचं काम फक्त सावरण्याचं. बोट एकदम सोडलं किंवा एकदम दाबलं, की घसरण तुटते.

बॅटरीबद्दल मात्र गंमत नको. लिथियम पॉलिमरची बॅटरी हलकी आणि जोरकस असते, पण चुकीच्या हाताळणीनं ती पेट घेऊ शकते. तिचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि तीन व्होल्टच्या खाली उतरवायचा नाही. चार्जर त्याच प्रकारच्या बॅटरीचा हवा आणि चार्जिंग चालू असताना मोठं माणूस समोर हवं. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नका. लहान मुलांसाठी निकेल मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी जास्त सुरक्षित.

याचा उपयोग काय, असं पालक विचारतात. नोकरी लागेल, बक्षीस मिळेल, असं आश्वासन मी देत नाही. पण पंपाचा स्टार्टर असो, ट्रॅक्टर असो की घरातलं मिक्सर, बिघाड शोधायची रीत हीच आहे. आधी बघायचं, मग मोजायचं, एकच गोष्ट बदलायची आणि जे झालं ते लिहून ठेवायचं. दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला ही रीत सांगून पटत नाही. पाइपच्या चार कड्यांवरची गाडी पेल्याभोवती पहिलं पूर्ण वर्तुळ घेते, तेव्हा पटते. तेव्हा येत्या रविवारी शेतातला पाइपचा तुकडा शोधा आणि गाडी घेण्याआधी एक वही घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)