फुलपाखरू हवं असेल, तर कढीपत्ता वाटून घ्या

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटली की आपण आधी फुलझाडं आणतो. फुलं लागतातच, पण फुलपाखरू त्यांच्यावर येतं ते मकरंद प्यायला. पिऊन झालं की निघालं! ते आपल्या खिडकीत नांदावं असं वाटत असेल, तर त्याच्या पिल्लांच्या जेवणाची सोय करायला हवी. पिल्लं म्हणजे अळ्या. त्या पानं खातात, आणि तीही ठरावीक झाडांचीच.

प्लेन टायगरच्या अळीला रुई लागते. कॉमन एमिग्रंटला बहावा किंवा टाकळा, टेल्ड जेला सोसायटीच्या कुंपणाशी उभा असलेला उंच अशोक. आणि लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन या दोघांना लिंबू आणि कढीपत्ता. अंधेरी असो की मुलुंड, कढीपत्त्याची एक कुंडी बहुतेक घरांत असतेच. म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

आता त्या कुंडीत काय घडतं ते बघा. मादी पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पानाची चव घेते. हो, पायांनी! झाड बरोबर आहे अशी खात्री पटली की कोवळ्या पानावर पिवळसर, मोहरीहून लहान अंडं घालते. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पुढे कात टाकत टाकत ती हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मग कोष आणि शेवटी फुलपाखरू. सगळं मिळून साधारण महिनाभराचा खेळ.

पण नेमकं इथेच घरोघरी घोळ होतो. पानं कुरतडलेली दिसली की आपण फवारणीची बाटली उचलतो. फुलपाखरू हवं आणि अळी नको, असं कसं चालेल? या दोन्ही जातींच्या अळ्यांच्या अंगावर खाजरे केस नसतात, त्या चावत नाहीत. झाडाला पुन्हा पालवी फुटते. फोडणीसाठी एक कुंडी आणि अळ्यांसाठी दुसरी ठेवा, भांडणच मिटलं. अळ्यांच्या कुंडीवर कुठलंही औषध नको. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, तेही अळीला मारक ठरतं. नर्सरीतून नवं रोप आणलंत तर आधी विचारून घ्या, त्यावर फवारणी झाली होती का.

आणखी एक. पोट भरलं की अळी बऱ्याचदा झाड सोडून जाते आणि ग्रिलला, भिंतीला किंवा कुंडीच्या कडेला कोष करते. साफसफाई करताना तो वाळकं पान समजून झटकू नका.

बाकी तयारी सोपी आहे. जिथे काही तास ऊन येतं ती खिडकी निवडा, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. सदाफुली, एक्झोरा, पेंटास, झिनिया लावा. शक्यतो एकेरी पाकळ्यांची फुलं निवडा, त्यातला मकरंद सहज मिळतो. थाळीत ओली माती ठेवा. त्यातले क्षार शोषायला, विशेषतः नर, येतात. मात्र पाणी साचू देऊ नका, नाहीतर फुलपाखरांऐवजी डास पाळाल!

एका कुंडीने काय होणार, असं वाटेल. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपल्या वस्तीच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन याच परिसरात उडतं, आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. तिथून बाहेर पडलेल्या मादीला मैलभर नुसतं काँक्रीट लागलं, तर अंडी घालायची कुठे? तिच्या वाटेवर आपल्या कुंड्या असायला हव्यात. म्हणून पुढच्या वेळी कढीपत्त्याचं कुरतडलेलं पान दिसलं, की ते उलटं करून आधी बघा, कोण जेवतंय ते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.