गाडी नको, लाल परी पुरे!

थंडीत दोन दिवस मोकळे असतील तर लोह्याकडे या, आणि स्वतःची गाडी घरीच ठेवा. रेल्वेने हुजूर साहिब नांदेडला उतरायचं, लातूर-अहमदपूरकडची एसटी पकडायची, लोह्यात उतरायचं. बायाबापड्यांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट!

पहिल्या दिवशी कंधार. लोह्याहून गाड्या मिळतात. राष्ट्रकूटांच्या काळातला हा भुईकोट; भोवती खंदक, दुहेरी तटबंदी. सकाळच्या धुक्यात खंदकाच्या कडेने चालत जा. गावातले क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेषही चुकवू नका. माझ्या मते किल्ल्याइतकंच तेही बघण्याजोगं. पाणी आणि भाकरी सोबत असू द्या.

दुसरा दिवस माळेगावच्या खंडोबाचा. तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष अमावास्या बघा, यात्रा त्याच सुमारास भरते. घोडे, उंट, गाढवं, लालकंधारी बैल, कुस्त्या, लावणी, आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. माळेगाव लातूर रस्त्यावरच, यात्रेत एसटीच्या जादा गाड्या सुटतात. स्वतःची गाडी नेणारे मात्र पार्किंग शोधत धूळ खातात. घोड्यांचा बाजार सकाळीच गाठा. रात्री कडाक्याची थंडी असते, घोंगडी हवीच. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर कंडक्टरलाच विचारून घ्या.